चार नंबरची पाटी

आमच्या हॉस्पिटलात काही नवीन यायचं असलं की आधी पेढे येतात. अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा पेढे आले होते. मशीनला हार घातला, फोटो काढले, आणि महिना उलटायच्या आत लांबून येणाऱ्या आयाबाईंना उशिराच्या नावाखाली घरी बसवलं. कॉरिडॉरमध्ये कॅमेरे लागले तेव्हाही पेढे. त्यानंतर एका वॉर्डबॉयची नोकरी गेली, का तर म्हणे जिन्यात बसून डबा खाताना दिसला. आता दुपारी भूक लागलेल्या माणसानं डबा खायचा नाही तर काय करायचं? त्यामुळे त्या सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधून पेढ्यांचा बॉक्स बाहेर आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पेढा घेतला, पण खाल्ला नाही. टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

पेढ्यांच्या मागोमाग क्वालिटीच्या मॅडम आल्या. पुण्याकडच्या, तिशीतल्या, कॉटनचा कुर्ता, हातात टॅब आणि चेहऱ्यावर सदानकदा समजून घेतल्यासारखं हसू. आम्हाला सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवलं आणि म्हणाल्या, "आजपासून आपण रोज थोडं थोडं सुधारत जायचं. एकदा सुधारून थांबायचं नाही, सतत सुधारायचं. आणि एक गोष्ट मनात पक्की करा. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार! पण मी या धंद्यात केस पिकवलेत. चूक माणसाची नसते असं ज्या दिवशी मॅनेजमेंट सांगायला लागते, त्या दिवसापासून आपलं माणूस सांभाळायचं.

आणि सांभाळायला माझं एक माणूस होतं. माझी धाकटी जाऊ.

मी पुरुषांच्या जनरल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, आणि ती त्याच वॉर्डातली मावशी. पेशंटची अंगं पुसणं, बेडपॅन देणं, चादरी बदलणं, हाताला धरून बाथरूमपर्यंत नेणं, ही तिची कामं. हॉस्पिटल अंबरनाथ पूर्वेला, मार्केटच्या मागे, आणि ती येणार चामटोलीहून. आमचं सासर चामटोलीचं. मी आणि माझा नवरा नोकरीसाठी कधीच अंबरनाथला फ्लॅटवर आलो, धाकटा दीर मात्र गावीच राहिला. तो एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत होता. कंपनीला टाळं लागलं आणि तो घरी बसला. बसला तो बसलाच. मग मीच जावेला इथे चिकटवलं, कॉन्ट्रॅक्टरमार्फत. कॉन्ट्रॅक्टरची माणसं म्हणजे हॉस्पिटलची असून हॉस्पिटलची नाहीत. आज आहेत, उद्या नाहीत. पोरगी बारावीला, धाकटा शाळेत, आणि चूल पेटायची ती हिच्या एका नोकरीवर. ही नोकरी गेली असती तर त्या घराचं काय झालं असतं हे मला कुणी हॉलमध्ये बसवून शिकवायची गरज नव्हती.

आता पाट्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या वॉर्डात प्रत्येक बेडच्या वर भिंतीत खिळा आणि खिळ्याला पत्र्याची पाटी. एक, दोन, तीन असे नंबर. त्यातला चार नंबर कोपऱ्यात. हा चार नंबर बदनाम. खरं कारण साधं होतं. तो बेड कोपऱ्यात असल्यामुळे पडदा नीट लागायचा, म्हणून जो पेशंट जायच्या वाटेवर असेल त्याला आम्ही तिथे हलवायचो, घरच्यांना जरा आडोसा मिळावा म्हणून. पण बाहेर बोलबाला असा, की चार नंबरला गेलेला माणूस परत येत नाही. चामटोली, बारवीकडचे पाडे, बदलापूरचा गावभाग, सगळीकडे ही खबर. कुणाचा काका तिथे गेलेला, कुणाचा आजा. ऐन तापात फणफणलेला माणूस पाटी बघायचा आणि बेडवर पाठ टेकायला तयार व्हायचा नाही. नातेवाईक म्हणायचे, "शिष्टर, जमिनीवर टाका, पन चारवर नको."

यावर तोड काढली माझ्या जावेनं. ती सरळ पाट्या बदलायची. शेजारच्या बेडवरच्या पेशंटला विचारायची, "बाबा, तुमाला चार नंबर चालंल का?" तो हो म्हणाला की त्याची पाच नंबरची पाटी कोपऱ्यात, आणि चारची त्याच्या डोक्यावर. माणूस तिथेच, बेड तोच, फक्त पत्रा बदलला. कोपऱ्यातला पेशंट पाचचा आकडा वाचायचा आणि गाढ झोपायचा. मग ही काउंटरवर येऊन सांगायची, "चार-पाच फिरवलेत हां," आणि ड्यूटीवरची सिस्टर फायलींवरचे नंबर बदलून घ्यायची. काम झालं की पाट्या पुन्हा जागेवर. वॉर्डात हे सगळ्यांना माहीत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. झोप लागली की निम्मं औषध लागू पडतं, हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

मॅडमनी काउंटरशेजारच्या भिंतीवर मोठा पांढरा बोर्ड लावला. रोज सकाळी, ड्यूटी बदलताना, सगळ्यांनी बोर्डासमोर उभं राहायचं आणि काल काय चुकता चुकता राहिलं ते सांगायचं. मॅडम ते मार्करनं लिहिणार. नाव कुणाचंच नाही, फक्त गोष्ट. आणि नियम असा, की ती गोष्ट सुटल्याशिवाय बोर्डावरून पुसायची नाही. हा नियम मॅडमचाच.

आम्ही काय सांगणार? कपाळ! पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, पंखा कुरकुरतो. दुसऱ्यानं सांगितलं, चहा गार येतो. मॅडम मोठ्या आवडीनं लिहून घेत होत्या. मी माझ्या पोरींना आधीच दम दिला होता, "पंखा, चहा, नळ. याच्या पलीकडे तोंडातून शब्द काढलात तर बघा."

असे काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी नको ते घडायला आलं.

दुपारी बारवी धरणाच्या बाजूचा एक म्हातारा दाखल झाला. तापानं अंग भाजत होतं, उलट्या होत होत्या, सकाळपासून पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नव्हतं. बेड रिकामा एकच, तो चार नंबर. म्हाताऱ्यानं पाटी बघितली आणि स्ट्रेचरची दांडी धरूनच बसला. त्याचा भाऊ त्याच बेडवर गेलेला. शेजारी पाच नंबरला उल्हासनगरचे एक सिंधी काका होते, शुगर वाढली म्हणून दाखल. जावेनं विचारल्यावर ते हसून म्हणाले, "दे दो मेरे को, मेरी दुकान का भी चार ही नंबर है. बरकत का नंबर है!" पाट्या फिरल्या. म्हातारा पाच नंबरखाली आडवा झाला. जावेनं नेहमीप्रमाणे काउंटरवर जाऊन सांगितलं. पण नेमकी तेव्हा दुपारची सिस्टर एका कोसळलेल्या पेशंटच्या मागे धावत होती. तिनं मान हलवली, आणि फायली राहून गेल्या.

संध्याकाळच्या ड्यूटीला नवी सिस्टर आली. उल्हासनगरची मुलगी, कामाला वाघ, पण वॉर्डाच्या खोडी अजून तिला माहीत नव्हत्या. तिनं फाइल वाचली, पाच नंबर, जेवणाआधी इन्सुलिन. सिरिंज भरली आणि गेली पाच नंबरच्या पाटीखाली. म्हणजे म्हाताऱ्याकडे.

मी पलीकडच्या बेडवर सलाईन लावत होते. म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला, "पोरी, सकालपासून पोटान अन्न नाय, न् आता ही सुई कंची?"

ती म्हणाली, "बाबा, शुगर की है, डरो मत."

शुगर! मी हातातलं तसंच टाकून धावले. तिचं मनगट धरलं, सुई दंडाला टेकायच्या बेतात होती. उपाशी पोटी, साखरेचा आजार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं इन्सुलिन म्हणजे काय, हे त्या पोरीला एका क्षणात कळलं आणि तिनं सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

इन्सुलिन ज्याचं त्याला दिलं. फायली नीट केल्या. मग मी नव्या सिस्टरला स्टोअररूममध्ये घेतलं आणि सांगितलं, "कुणाला काही झालेलं नाही. तू काही बोलायचं नाही, मी काही बोलणार नाही." जावेलाही तेच. ती भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून. म्हणाली, "ताई, माझे हातून माणूस मेला असता."

"मेला नाही ना? मग गप बस. उद्या त्या बोर्डासमोर तुझं तोंड उघडलं तर तुझ्या घरात काय होईल याचा विचार कर."

तिनं मान हलवली. मला वाटलं, समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डासमोर आम्ही सगळ्या. मॅडमनी ठरलेला प्रश्न विचारला. मी म्हटलं, बाथरूमचा नळ गळतो. मॅडम लिहायला वळल्या, आणि मागून, बादली घेऊन उभी असलेली माझी जाऊ म्हणाली, "बाई, पाट्या मीच फिरवते."

मी डोळे वटारले, खोकले, पायावर पाय दिला. ती थांबतेय कसली! चार नंबर, म्हातारा, सिंधी काका, सुई, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "मना रात्री डोल्याला डोला लागला नाय. तो बाबा माझे बापाच्या वयाचा हाय. तुमी म्हनालात, सांगा. म्हनून सांगितलं."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मार्कर उचलला आणि तिला विचारत गेल्या. पाटी का बदलते? लोक घाबरतात म्हणून. लोक का घाबरतात? तिथे माणसं जातात म्हणून. माणसं तिथेच का जातात? यावर मीच उत्तर दिलं, आम्हीच त्यांना तिथे नेतो म्हणून. एकेक उत्तराखाली बाण काढत काढत मॅडम अशा जागी आल्या की तिथे माझी जाऊ कुठेच नव्हती. तिथे होता तो कोपरा, खिळा, आणि पेशंटला नावानं न ओळखता नंबरानं ओळखायची आमची सगळ्यांची सवय.

आणि कबूल करायला पाहिजे, कामं झाली. चार नंबरचा बेड काढून तिथे चादरींचं कपाट ठेवलं. चार नंबरच रद्द केला, तीननंतर एकदम पाच. पाट्या गेल्या, नंबर भिंतीवर रंगवले. पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी आली, आणि सुई टोचण्याआधी त्याच्याच तोंडून नाव वदवून घ्यायचं असं ठरलं. चांगलं होतं सगळं. नाही कशाला म्हणू? नवी सिस्टर तर मॅडमची भक्तच झाली. जाऊ मला चिडवायला लागली, "काय ताई, उगाच घाबरवत होतात मना. बाई किती चांगली हाय!"

मी म्हटलं, "थांब. अजून पेढे पचायचेत."

महिना संपला. पहिल्या तारखेला मी सकाळी ड्यूटीवर आले तर गेटपाशी बाकावर माझी जाऊ. डब्याची पिशवी मांडीवर. मला बघून हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "मशीन माझा अंगठा घेत नाय."

मी म्हटलं, घामानं होतं असं, पुसून लाव. तिनं सांगितलं, पुसला, धुतला, दुसऱ्या हाताचा लावून बघितला. मी वॉचमनकडे बघितलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मावशीचं नाव काढलंय वरून. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दुसरी बाई देतो."

कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला कुणी कागद देत नाही, कुणी बोलवून सांगत नाही. मशीन अंगठा घेत नाही, की समजायचं. जाऊ मला विचारत होती, "आता घरी काय सांगू?" पोरीच्या बारावीचं डोळ्यासमोर आलं, आणि माझं टाळकं सटकलं.

तशीच गेले मॅडमच्या खोलीत. दार वाजवलं नाही.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "हेच हवं होतं ना? गोड बोलून तिच्या तोंडून काढून घेतलंत आणि पुरवलंत वर!"

मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की तसं दाखवत होत्या, मला तेव्हा कळलं नाही. म्हणाल्या, "मी नाव दिलं नव्हतं. रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलं, की जनरल वॉर्डातल्या मावशींनी स्वतःहून पुढे येऊन सांगितलं. कौतुक म्हणून लिहिलं होतं, सिस्टर."

"जनरल वॉर्डात मावशी आहे एक. नाव कशाला लागतंय?"

त्या खाली बसल्या. चेहरा उतरला होता. पण उतरलेल्या चेहऱ्यावर मी जात नाही, असे चेहरे मी पुष्कळ बघितलेत. म्हणाल्या, मी बोलते सरांशी. मी म्हटलं, बोला की, तुमचंच राज्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोर्डासमोर. आज कुणी पंख्याचंही नाव काढेना. नव्या सिस्टरचे डोळे सुजलेले. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "काल काय चुकलं?"

मी पुढे झाले.

"काल एक बाई काढली. चूक सांगितली म्हणून काढली. तुम्ही म्हणालात, चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. मग ही पद्धत कुणाची? लिहा."

मॅडमचा हात बोर्डाजवळ गेला आणि थांबला. मी म्हटलं, "का? नळ लिहिता, चहा लिहिता. हे लिहायला मार्कर चालत नाही का?"

त्यांनी लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं. "खरं सांगणाऱ्या मावशींना काढलं." खाली बाण काढला आणि त्यापुढे लिहिलं, "का?"

थोड्या वेळानं मोठे डॉक्टर राउंडला आले. बोर्ड वाचला. त्यांचं मराठी-हिंदी एकत्रच चालतं. म्हणाले, "ये क्या लिखा है? पुसा हे. इन्स्पेक्शनवाले कधीही येतील, हॉस्पिटलचं क्वालिटीचं सर्टिफिकेट अडकेल."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, सुटल्याशिवाय पुसता येत नाही. नियम आहे."

"तुमचाच नियम आहे ना? बदला."

"बदलते, सर. पण मग बोर्डच काढावा लागेल, आणि इन्स्पेक्शनवाले पहिल्यांदा बोर्डच बघतात."

मोठे डॉक्टर पुढच्या वॉर्डात गेले. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मार्करनं त्या ओळीखाली आणखी एक रेघ ओढली. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई बहुतेक खरी असावी. लगेच दुसरं मन म्हणालं, दोघं आतून एकच असतील, आपल्यासमोर नाटक चाललंय. संशयाची सवय लागली की सुटत नाही.

ती ओळ बोर्डावर राहिली. रोज सकाळी आम्ही तिच्यासमोर उभ्या राहायचो. नळ आला, गेला. चहा गरम यायला लागला. बाकीच्या गोष्टी सुटत होत्या, पुसल्या जात होत्या. ही तशीच. पेशंटचे नातेवाईक वाचायचे आणि विचारायचे, कुठली मावशी? आम्ही सांगायचो. चामटोलीचं कुणी आलं की अजून सविस्तर सांगायचो. तिकडे जाऊ लोकांच्या शेतात मजुरीला जात होती, आणि पोरगी म्हणत होती, मी कॉलेज सोडते.

मग एका दुपारी कॉन्ट्रॅक्टरचा जावेला फोन आला, उद्यापासून ये. कोण कुणाशी काय बोललं, ते आम्हाला कधीच समजलं नाही. मॅडम म्हणतात, सरांना पटलं. मला विचाराल तर इन्स्पेक्शनची तारीख जवळ आली होती.

सकाळी मशीननं अंगठा घेतला. मी मुद्दाम गेटपाशी थांबले होते, टुंग आवाज झाला तेव्हा जीव भांड्यात पडला. जाऊ वर आली, बादली भरली, फडकं घेतलं आणि आमच्यामागे येऊन उभी राहिली. मॅडमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी खरा आनंद होता. त्यांनी डस्टर उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"मावशी, हे सुटलं. तुमच्याच हातानं पुसा."

जावेनं बोर्डाकडे बघितलं. ती चौथी शिकलेली आहे, एकेक अक्षर लावून वाचते. तिनं ती ओळ सावकाश वाचली. मला वाटलं, आता रडेल. डस्टर तिनं घेतलं नाही. बादलीतलं फडकं पिळलं आणि बोर्ड पुसायला घेतला. वरून, खालून, कडेनं, खिडकी, दिवा, सुटलेलं बाकी सगळं.

ती ओळ तेवढी सोडली.

"मावशी, ती राहिली," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या, बाई," जाऊ म्हणाली. "पुसली की विसरतील." आणि बादली उचलून ती बाथरूमकडे गेली.